कोरं खातं

१

नवा माणूस कामावर रुजू झाला की त्याला कॉम्प्युटरवर खातं उघडून द्यायचं, हे काम पूर्वीनं डोळे मिटूनही केलं असतं. नाव टाकायचं, विभाग निवडायचा, पासवर्ड द्यायचा, संपलं. बाकीचं कॉम्प्युटर आपलं आपण करतो. तो काही प्रत्येक खातं मुळापासून रचत बसत नाही. आत एक नमुना खातं ठेवलेलं असतं, त्याची तो नक्कल काढतो आणि वर नव्या माणसाचं नाव लावतो. पडद्यावर चित्र कुठलं असावं, अक्षरं केवढी दिसावीत, माऊस कसा चालावा, सगळं त्या नमुन्यातून येतं. कालच्या दह्याचा चमचा आजच्या दुधाला लावला की आजचं दहीही कालच्यासारखंच लागतं, त्यातलीच गोष्ट.

दह्यादुधाचं उदाहरण सुचलं, कारण पूर्वी नोकरीला होती ती दूध संघात. बारामतीहून इंदापूरकडं जाताना रस्त्याला लागून संघाची इमारत आहे. मागं शीतगृह, पुढं टँकरांची रांग. संघाचं नाव सांगत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे, आणि बाकीच्यांनी तिकडं न फिरकलेलंच बरं. पूर्वी तिथं कॉम्प्युटर विभागाची प्रमुख म्हणून आली होती. विभागात दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळं प्रमुखही तीच आणि पाणी भरून आणणारीही तीच. तिच्या आधीचे मोहनराव निवृत्त होऊन लोणी भापकरला आपल्या गावी जाऊन राहिले होते. जाताना त्यांनी किल्ल्या दिल्या आणि पासवर्ड दिले, पण शब्द म्हणून एक दिला नाही.

तिथं तिनं दुसऱ्यासाठी उघडलेलं पहिलं खातं तिच्या सख्ख्या बहिणीचं होतं. आई गेली तेव्हा सई फ्रॉक घालत होती. तिची वेणी, तिचा डबा, तिचे पालकसभेचे दिवस, सगळं पूर्वीनं सांभाळलं. आता सई पदवी घेऊन घरी बसली होती आणि संघाला संकलन विभागात माणूस हवा होता. पूर्वीनं कार्यकारी संचालक संभाजीरावांकडं शब्द टाकला. एकाच स्कूटरवर दोघींनी जायचं, एकाच डब्यात जेवायचं, यात पूर्वीला केवढा आनंद झाला होता.

सईनं पहिल्यांदा खातं उघडलं तेव्हा पडद्यावर एका भिंतीचा फोटो आला. फिकट हिरवा रंग दिलेली भिंत, आणि तिच्या मधोमध एक खिळा. खिळ्याला काही टांगलेलं नव्हतं. संघाचं बोधचिन्ह नाही, गाय नाही, देव नाही. नुसती भिंत.

"ताई, माऊस उलटा चालतोय," सई म्हणाली. "डावखुऱ्यांसाठी लावलाय का?"

पूर्वी तो सुलटा करायला वाकली, तेवढ्यात मागून संभाजीरावांचा आवाज आला. ते कधी येऊन उभे राहिले ते तिला कळलं नव्हतं.

"ऱ्हाऊ द्या. आपल्याकडं समद्यांचं तसंच हाय."

२

जेवायची खोली शीतगृहाच्या भिंतीला लागून होती. पलीकडं कॉम्प्रेसर अखंड घुमायचा, त्यामुळं तिथं बोलायचं तर आवाज चढवावा लागे. पण चढवणार कोण? तिथं कुणी बोलतच नसे. पूर्वीला आल्यापासून हे खटकलं होतं. आपल्याकडं चार माणसं डबे उघडून बसली की आधी दुसऱ्याच्या डब्यात डोकावतात, मग ऊस, राजकारण आणि गावातली लग्नं निघतात. इथं नुसती तोंडं हलत होती.

त्या दिवशी सई अजून मशीनवरून उठली नव्हती. पूर्वीनं समोर बसलेल्यांकडं नीट पाहिलं, आणि हातातली पोळी तशीच राहिली. टेबलाभोवतीची सगळी माणसं डाव्या हातानं जेवत होती. एखादा डावखुरा असतो, घरी त्याला लहानपणी मार बसतो आणि तो पुढं दोन्ही हातांचा होतो. पण इथं झाडून सगळे. हिशेब विभागाच्या प्रमुख विजयमालाबाई, कपाळभर कुंकू लावणारी, उपासतापास करणारी बाई, ती डाव्या हातानं वरणभात कालवत होती. उजवा हात प्रत्येकाच्या मांडीवर पालथा पडलेला.

कोपऱ्यात बिरू शिपाई बसला होता. तो मात्र उजव्या हातानं भाकरी मोडत होता. बाहेर झाडाखाली टँकरचे ड्रायव्हर जेवत होते, तेही उजव्याच. पूर्वी खिडकीतून पाहत राहिली आणि तिच्या मनात एक हिशेब जुळला, तो तिला मुळीच आवडला नाही. बिरूला कॉम्प्युटरवर खातं नव्हतं. ड्रायव्हरांनाही नव्हतं.

तिचं स्वतःचं खातं होतं, पण ते नमुन्यातून आलेलं नव्हतं. पुण्यातली नोकरी सोडताना ती आपलं सगळं बरोबर घेऊन आली होती आणि तेच इथं चढवलं होतं.

तिनं स्वतःला समजावलं. माऊस डावीकडचा म्हणून डाव्या हाताला काम. दिवसभर तोच हात चालतो, मग तोच ताटाकडं जातो. सवय लागते माणसाला. एवढं म्हणून ती वळली तर विजयमालाबाई तिच्याकडंच पाहत होत्या.

"जेवा की बाई," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या ताटात बगू ने."

३

घर वालचंदनगरला, कंपनीच्या क्वार्टरमध्ये. वडील नीळकंठ ड्रॉइंग विभागात होते, निवृत्तीला थोडे दिवस राहिले होते. सई रोज सकाळी दारात रांगोळी काढायची. शेजारच्या बायका कामं टाकून बघायला यायच्या असा तिचा हात होता. मोर काढला तर पिसं मोजून घ्यावीत.

त्या सकाळी पूर्वी स्कूटर बाहेर काढायला आली आणि थबकली. सई डाव्या हातानं रांगोळी सोडत होती. रेघ सरळ होती, कुठं थरथर नाही. तिनं एक मोठा चौकोन काढला, आत हिरवा रंग भरला आणि मधोमध एक काळा ठिपका ठेवला. मग हात झटकून उठली.

"हे काय गं?"

"रांगोळी."

"मोर नाही काढलास?"

सईनं असं पाहिलं, जणू हा कुठला शब्द ती पहिल्यांदाच ऐकत होती. मग ती स्कूटरवर मागं बसली. एरवी सई बसली की तिचा हात पूर्वीच्या कमरेला असायचा आणि तोंड चालू असायचं. आता ती मागचा दांडा धरून बसे, आणि आरशात पाहिलं तर तिची नजर आरशातूनच पूर्वीवर रोखलेली असे.

रात्री जेवताना तिनं डाव्या हातानं घास घेतला. बाबा हसले. "अगं, संघात काय डावखुऱ्यांची भरती आहे की काय?" सई हसली नाही. तिनं तो घास चावून संपवला, पुढचा घेतला, आणि बाबांचं हसू आपोआप ओसरलं.

पूर्वीनं तिला एकटं गाठून सांगितलं, "सोड ती नोकरी. दुसरी बघू."

"का? मला तिथं बरं वाटतं," सई म्हणाली. "तुलाच बरं वाटत नाही. तू जा."

धाकटी कधी अशी बोलली नव्हती. पूर्वीला राग आला नाही, भीती वाटली. ज्या बहिणीला आपण हाताला धरून त्या दारातून आत नेलं, तिला आपणच बाहेर काढायचं, एवढं तिनं त्या रात्री ठरवलं.

४

दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या खोलीचं दार लावून नमुना खातं उघडलं. आत फारसं काही नव्हतं. तो भिंतीचा फोटो, तो उलटा माऊस, आणखी किरकोळ मांडणी. कुणी बनवलं तिथं नाव नव्हतं. तिनं माऊस सुलटा केला. भिंतीचा फोटो काढून साधा निळा रंग लावला. सगळं जतन करायचं बटण दाबलं.

बाहेरच्या मोठ्या खोलीत दिवसभर कीबोर्डची टकटक चालायची. तिचा इतका सराव झाला होता की ती ऐकूही येत नसे. पूर्वीनं बटण दाबलं आणि टकटक थांबली. एकाचा थांबला, मग दुसऱ्याचा, असं नाही. सगळ्यांचे हात एकदमच थांबले. कॉम्प्रेसरची घरघर तेवढी भिंतीतून येत राहिली.

पूर्वी खुर्चीत बसून राहिली. वीज गेली असेल म्हणावं तर डोक्यावर दिवा होता. चहा आला असेल म्हणावं तर कपांचा आवाज नव्हता. दाराच्या काचेवर एक सावली आली आणि दार न वाजवता विजयमालाबाई आत आल्या. त्यांच्या मागं आणखी माणसं उभी होती. सई त्यांच्यात होती.

"काय करताय बाई?"

"देखभाल. नवीन माणसांसाठी मांडणी सुधारतेय."

"आमी तक्रार केली व्हती का?"

"नाही."

"मग?"

त्या सगळ्यांचे डावे हात किंचित पुढं आलेले होते, माऊसवर ठेवावेत तसे. मग विजयमालाबाई वळल्या, त्यांच्यामागं सगळे वळले, आणि खुर्च्या सरकल्याचा एकच आवाज आला. टकटक पुन्हा सुरू झाली.

त्या दिवसापासून तिच्या खोलीत चहा येईना. एकदा तिची खुर्ची गायब झाली, एकदा स्कूटरच्या सीटवर आंबलेलं दूध ओतलेलं सापडलं. संभाजीरावांकडं जावं तर ते कागदावरून मान वर न करता म्हणत, "आदी काय वाईट चाललं व्हतं?" त्यांचा दुमडलेला उजवा हात पोटावर असे. आणि नमुना खातं तिनं पुन्हा उघडून पाहिलं तेव्हा माऊस उलटा होता आणि भिंत जागेवर आली होती. खोलीची किल्ली तिच्याखेरीज कुणाकडं नव्हती. पासवर्डही तिनं बदललेला होता. तिनं पुन्हा सुधारलं. ते पुन्हा आलं.

कुणीतरी मुद्दाम करतंय, तिनं मनाला सांगितलं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, ज्यानं हे बसवलं त्यालाच विचारू. रविवारी ती स्कूटर काढून बारामती ओलांडून लोणी भापकरला गेली.

५

मोहनरावांनी तिला "या" म्हटलं नाही. अंगणात लिंबाखाली खुर्ची टाकून ते बसले होते, त्यांनी दुसरी खुर्ची पायानं पुढं ढकलली.

"नमुन्याला हात लावला म्हनं तुमी. विजयमालाचा फोन आलता."

"तो नमुना तुमचाच ना? तुम्ही डावखुरे आहात?"

म्हातारा तुसडेपणानं हसला. पायाशी ठेवलेला चहाचा कप त्यानं उजव्या हातात घेतला, बशीत ओतला, उजव्या हातानंच प्यायला. "कोन म्हनलं? मी जलमाचा उजवा. संघात बी मी घरचंच मशीन वापरायचो, माजं खातं पयल्यापासनं येगळं हाय."

"मग तो कुणाचा?"

"संघात कॉम्प्युटर आलं तवा पयला मानूस मी. माज्या आदी कुनी न्हवतं." त्यांनी बशी खाली ठेवली. "नमुना मातर व्हता."

क्षणभर पूर्वीला ते खरं वाटलं आणि तिला स्वतःचाच राग आला. विकणाऱ्या कंपनीनं आधी चाचणी घेतली असेल, तिथल्या कुणाचं तरी राहून गेलं असेल. इतकी साधी गोष्ट आहे, ती मनात म्हणाली.

"मग तुम्ही तो काढून कोरा का नाही बसवला?"

मोहनराव खुर्चीत मागं वळले. त्यांनी ओसरीकडं पाहिलं. तिथं बाजेवर एक पुरुष बसला होता, चाळिशीतला, धुतलेले कपडे, नीट भांग पाडलेला. समोर पाटावर मोहनरावांच्या कारभारीणबाई बसून गहू निवडत होत्या. त्यांनी हात सुपात घातला की त्याचा हात त्याच्या रिकाम्या मांडीवर तसाच फिरे. त्यांनी कपाळाचा घाम पुसला, त्यानंही पुसला.

"माजा रणजित," मोहनराव म्हणाले. "संघात व्हता. मीच लावला व्हता."

"आजारी आहेत का?"

"त्याच्या म्होरं कायम आपलं मानूस बसाय लागतं. येकल्याला ठिवत न्हाय आमी. उलीसं बी न्हाय, घटकाभर बी न्हाय." मग एकदम आवाज चढवून त्यांनी विचारलं, "शेजारनीनं वाटीभर कालवन दिलं, तर वाटी परत करताना रिकामी देता का तुमी?"

"नाही."

"का?"

"रीत आहे. काहीतरी घालून द्यायचं. चिमूटभर साखर का होईना."

"व्हय. रीत." म्हातारा उठला. बोलणं संपलं असं त्याच्या पाठीनंच सांगितलं. "जावा आता."

पूर्वी वरमली, चिडली, स्कूटरपाशी आली. कुणाची वाटी आणि कुणाचं काय. एवढ्या लांबून येऊन कालवणाच्या गोष्टी ऐकायच्या होत्या. ती किल्ली फिरवणार तोच ते फाटकापर्यंत आले.

"डावं आसंल," ते म्हणाले, "पन भरल्यालं हाय. सांगून तुमी आयकनार न्हाय. तुमच्या त्वांडावर लिवलंय. तरी सांगतो, रिकामं दिऊ नगा."

ओसरीवरच्या बाई फाटकाकडं पाहायला क्षणभर मागं वळल्या होत्या. मोहनरावांनी ते पाहिलं आणि ते त्यांच्यावर असे खेकसले की बाईंनी दचकून तोंड पुन्हा मुलाकडं केलं.

६

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा बाहेरच्या पायरीवर बसले होते. त्यांचे डोळे लाल होते.

"आत जाऊन बघ," एवढंच ते म्हणाले.

बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर आईचा फोटो असायचा. त्याला रोज सई स्वतः हार घालायची, घरात फुलं नसली तर शेजारून मागून आणायची. फोटो आता जमिनीवर होता, भिंतीकडं तोंड करून ठेवलेला. वर नुसता खिळा. क्वार्टरची भिंत फिकट हिरवी होती. इतकी वर्षं या घरात राहून पूर्वीला तो रंग कधी जाणवला नव्हता.

सई समोर खुर्ची टाकून त्या खिळ्याकडं बघत बसली होती.

"का काढलास?"

"भिंत मोकळी बरी."

"आई आहे ती, सई."

"कुणाची?" सईनं विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं असं नाही. माहीत असून तिला त्याचं काही वाटत नव्हतं, आणि पूर्वीनं खाली वाकून फोटो सुलटा केला.

आता रीतभात आणि म्हाताऱ्याचे टोमणे यांचा विचार करायला तिला वेळ नव्हता. नमुना सुधारला की तो परत येतो, हे तिनं पाहिलं होतं. मग नमुन्याला हातच लावायचा नाही. सईचं जुनं खातं पुसून टाकायचं आणि नवं असं उघडायचं की त्यात कशाचीच नक्कल नसेल. असं करता येतं. कुणी करत नाही, कारण मग प्रत्येक गोष्ट हातानं लावत बसावी लागते. तिच्या मनात आलं, आपल्याच खात्याची नक्कल सईला द्यावी, त्याला काही वेळ लागत नाही. पण ते तिला पटेना. सईनं सई व्हावं, म्हणून तर हा खटाटोप. तिला आपली नक्कल कशाला करायची?

सोमवारी दुपारी सगळे जेवायच्या खोलीत गेले तेव्हा तिनं ते केलं. जुनं पुसलं. नवं उघडलं. आत काही नाही. चित्र नाही, भिंत नाही, खिळा नाही. मग सईला निरोप पाठवला की तुझ्या मशीनवर काम आहे, ये.

सई आली, बसली. पूर्वीनं सांगितला तसा पासवर्ड टाकला. पडदा उजळला आणि नुसता उजेड राहिला. सईचा डावा हात माऊसकडं निघाला होता, तो वाटेतच सैल पडला. तिनं एक लांब श्वास सोडला. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून ती शांत बसली.

मोठ्या खोलीच्या दारात सगळे येऊन उभे होते. पूर्वीनं मनाची तयारी केली. पण आज कुणी पुढं आलं नाही. ते सईकडं पाहत होते, आणि पूर्वीनं त्या चेहऱ्यांवर इतक्या दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी पाहिलं. विजयमालाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या मागं सरकल्या. बाकीचेही सरकले, दूध उतू जाताना आपण चुलीपासून सरकतो तसे.

घाबरले, पूर्वी मनात म्हणाली. आणि तिला बरं वाटलं.

७

परतीच्या वाटेवर उसाचे ट्रॅक्टर लागले. सईनं मागून तिच्या कमरेला मिठी मारली होती, लहानपणी मारायची तशी. पूर्वीनं पुढच्या ट्रॅक्टरला वाट दिली, डोळे पुसले आणि गाणं गुणगुणायला लागली. मागून सईही तेच गुणगुणू लागली. आरशात तिची नजर आता रोखलेली नव्हती. ती पूर्वीच्या चेहऱ्यावर मऊपणानं टेकलेली होती.

घरी तिनं आईचा फोटो पुसून खिळ्याला लावला. बाहेर अजून उजेड होता. बाबांनी आज हौसेनं पिठलं केलं होतं, भाकऱ्या शेजारून आल्या होत्या. तिघं जमिनीवर ताटं घेऊन बसले.

सई जेवेना. दोन्ही हात मांडीवर, नजर पूर्वीच्या ताटावर.

"जेव की गं," बाबा म्हणाले. "गार होतंय."

सईनं पूर्वीकडं पाहिलं. "ताई," तिनं विचारलं, "कुठल्या हातानं?"

बाबांना ती थट्टा वाटली आणि ते पोट धरून हसले. पूर्वीला हसू आलं नाही. तिनं सावकाश उजवा हात पुढं केला आणि भाकरीचा तुकडा मोडला. सईनं उजवा हात पुढं केला आणि तुकडा मोडला, तेवढाच.

"आला बघ उजवा," बाबा म्हणाले. त्यांनी सईच्या ताटात आणखी पिठलं वाढलं.

पूर्वी थांबली. सई थांबली. पूर्वीनं तुकडा परत ताटात ठेवला, आणि सईनंही ठेवला. लिंबाखालचं ते अंगण तिला आठवलं, ओसरीवरची बाज, रिकाम्या मांडीवर गहू निवडणारा तो हात. मोहनरावांनी रणजितला जे दिलं तेच आपण सईला दिलंय, हे तिला तेव्हा कळलं, पुरतं कळलं, आणि तिचे डोळे भरून आले. सईचेही आले. आधी उजवा, मग डावा, पूर्वीचे आले तसेच.

"आईची आठवण आली ना दोघींना?" बाबांनी विचारलं. ते सुखावले होते. त्यांना त्यांची मुलगी परत मिळाली होती.

पूर्वीनं नुसती मान हलवली. सईनंही हलवली. मग पूर्वीला ते सोसेना. तिनं पाण्याचा तांब्या उचलला आणि पाणी आणण्याच्या निमित्तानं ती स्वयंपाकघरात गेली. माठाशी उभं राहून तिनं तोंड दाबून हुंदका गिळला. फार वेळ नव्हे. तांब्या भरायला लागतो तेवढाच. त्याच्या म्होरं कायम आपलं मानूस बसाय लागतं, हे तिला तांब्या भरता भरता आठवलं आणि पाणी तिच्या हातावरून वाहून गेलं.

ती धावतच दारात आली. बाबा खाली मान घालून जेवत होते.

सई हसत होती. ती पूर्वीकडं बघत नव्हती, बाबांकडंही नाही. तिची नजर बाबांच्या डोक्यावरून पलीकडं, उघड्या दाराच्या रिकाम्या कोपऱ्यात लागली होती. तिचे ओठ एका बाजूला थोडे ताणले जात, सुटत, पुन्हा ताणले जात, आणि दर खेपेला ते हसू थोडं जास्त जमत होतं. पूर्वीनं "सई" म्हणून हाक मारली. सईनं वळून पाहिलं नाही. तिथं जे कुणी उभं होतं, त्याचं तिला शिकवणं अजून संपलं नव्हतं.